आरशात राही दिसली, तिथं फुली

आष्ट्याच्या सयाजी सुभेदारांनी अठ्ठावीस वर्षं तोफखान्यात काढली आणि येताना पेन्शनीबरोबर जड कानही घेऊन आले. कान जड झाले म्हणून राहीबाईंची तक्रार नव्हती. तक्रार ही, की नवरा ऐकायचा नादच सोडून कशालाही "व्हय व्हय" म्हणायला लागला होता. बैल व्याला म्हटलं तरी व्हय! ओरडून ओरडून राहीबाईंचा घसा बसला.

दोघांनी जोडीनं सिनेमे बघावेत म्हणून साताऱ्यात नोकरीला असलेल्या लेकीनं, शिवांजलीनं, माडीवर होम थिएटर बसवून दिलं. माडीची खोली राहीबाईंच्या हौसेची. चकचकीत फरशी, काचेच्या मोठ्या खिडक्या, गुळगुळीत भिंती. पहिलाच सिनेमा लावला आणि शब्द असे घुमले, की राहीबाईंच्या धड कानांनाही काही कळेना. सुभेदार मात्र रिमोट ठेवून उठले.

"माजं कानच गेल्यात. तू बग," म्हणाले आणि खाली ओट्यावर एकटेच जाऊन बसले.

राहीबाईंनी सिनेमा बंद केला. सिनेमा गेला खड्ड्यात. हा माणूस असा एकेक खोली सोडत गेला तर आपण बोलायचं कुणाशी?

"आई, दोष खोलीचा हाय," शिवांजली फोनवर म्हणाली. "आवाज भिंतीवर आपटून माघारी येतोय. भिंतीला जाड, मऊ कायतरी लाव."

जाड आणि मऊ म्हटल्यावर राहीबाईंना एकच नाव आठवलं, गादीवाला अल्लाबक्ष. त्यांच्या लग्नातली गादी त्याच्याच बापानं भरली होती. अल्लाबक्षनं लाकडी चौकटींत कापूस ठासून भरला, वरून पांढरं सुती कापड ताणलं. त्या लावायच्या कुठं, याची युक्ती शिवांजलीनं सांगितली होती. भिंतीवरनं आरसा सरकवायचा. खुर्चीत बसलेल्याला त्यात जिथं स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज उसळतो.

मिनतवारी करून सुभेदारांना खुर्चीत बसवलं. राहीबाई स्पीकरला टेकून उभ्या राहिल्या. अल्लाबक्ष आरसा घेऊन निघाला.

"दिसला का स्पीकर, सुभेदार?"

"आँ?"

"स्पीकर! स्पीकर!"

"न्हाई रं. राही दिसतीया."

राहीबाई या वयातही लाजल्या. "मग हितंच," म्हणत अल्लाबक्षनं खडूनं फुली मारली.

चौकटी लागल्या. दुसऱ्या दिवशी अल्लाबक्षच्या देखत सिनेमा लावला, तर घुमणं जवळजवळ तसंच. सुभेदारांचा चेहरा उतरला. "सांगितलं व्हतं न्हवं," म्हणून ते खुर्चीचा हात धरून उठायला लागले.

अल्लाबक्षनं एका चौकटीवर बोट दाबलं. चर्र वाजलं. धूळ बसू नये म्हणून राहीबाईंनी सकाळीच प्रत्येक चौकटीला जाड प्लास्टिक ताणून बसवलं होतं. त्या घरात सोफ्याचं प्लास्टिक कधी निघालं नव्हतं, रिमोटचंसुद्धा नाही.

"वैनी, कापसाला रेनकोट घातलासा व्हय?"

राहीबाईंचा जीव खालीवर झाला. एवढं पांढरंशुभ्र कापड, चार दिवसांत मळणार. मग त्यांनी उठू पाहणाऱ्या नवऱ्याकडं बघितलं, सिनेमा बंद केला आणि फर्रकन प्लास्टिक ओढलं. एक, दोन, सगळी काढली.

"मळलं तर मळू दे," भिंतीकडं तोंड करून त्या पुटपुटल्या. "ह्या माणसापायी काय काय करायचं!"

"मी काय केलंय?" मागून आवाज आला.

राहीबाईंचे हात थांबले. त्या हळूच वळल्या. "ऐकू आलं?"

"आलं की." सुभेदार त्यांच्याकडं बघतच राहिले. "राही, तुजा आवाज असा कवा बसला गं?"

"आट वर्सं वरडतीया, आवं."

सुभेदारांनी शेजारची खुर्ची जवळ ओढली. अल्लाबक्षनं आरसा काखेत मारला आणि चपला हातात घेऊन जिना उतरला.

"बस. सिनेमा ऱ्हाऊ दे. आट वर्सांचं समदं सांग, पर वरडू नगंस."

राहीबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि अगदी हळू सुरुवात केली, "तर, आपली म्हैस गेली त्या दिशी..."

सुभेदार "व्हय व्हय" म्हणाले नाहीत. पुढं वाकून म्हणाले, "मग?"