शेंदराचा थर

संतरामच्या कानामागं कातडीचा कॅन्सर निघाला, तेव्हापासून तो बायको सुमनबाईला घेऊन शिरड शहापूरहून नांदेडला लाईट घ्यायला जाई. क्ष-किरणांच्या उपचाराला गावात हेच नाव. काही आठवडे गेले तरी गाठ हटेना. वरची कातडी मात्र सोलून रक्त पाझरू लागलं. डॉक्टर म्हणाले, कातडी नाजूक दिसते, मात्रा कमी करावी लागेल.

मात्रा कमी म्हणजे गाठीला मोकळं रान, हे मुलगी निलमला कळत होतं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ती नुकतीच घरी आली होती. मशीन बराबर, हिशेब बराबर, मग जळतं काहून?

पुढच्या खेपेला तीही सोबत गेली. दवाखान्याच्या पायरीवर सुमनबाईनं पदरानं नवऱ्याच्या कानामागं पुसलं. पदर केशरी झाला.

मारुतीचा शेंदूर. दुखऱ्या जागी तो लावायची घरची रीत. सकाळी ती गाठीवर लावायची आणि डॉक्टर रागावतील म्हणून इथं पुसायची. पण तेलात कालवलेला शेंदूर सुरकुत्यांत, खपलीत राहायचाच.

निलमनं पदरावरचा डाग बोटानं चोळून पाहिला. शेंदूर म्हणजे शिसं. शिशाचा अणू क्ष-किरण हपापल्यासारखा गिळतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो. ते लांब जात नाहीत. लागूनच्या पेशींत घुसून डीएनएचे धागे तोडतात. एक धागा तुटला तर पेशी सांधून घेते. दोन्ही एकाच जागी तुटले की सांधा नीट बसत नाही, पेशी मरते. वर कातडी अशी जळत होती, आणि शिशानं गिळलेले किरण खाली पोचत नव्हते. मारुतीनं राखलं होतं ते गाठीला.

आईला बाहेर बसवून डॉक्टरांना एकट्यांनाच सांगावं, असं तिला वाटलं. पण मग उद्या पुन्हा शेंदूर लागला असता. तिनं डॉक्टरांना आईसमोरच सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी कापसानं खपली पुसून पाहिली. जखम भरेपर्यंत लाईट बंद, म्हणाले. तोवर गाठ किती वाढेल, ते त्यांनी सांगितलं नाही.

"म्हंजी म्याच जाळलं ह्यांना?" सुमनबाईनं विचारलं.

"शेंदरानंच जळलं, आई," निलम म्हणाली.

"बास कर पोरी," संतराम म्हणाला. "तिनं काय मुद्दाम केलं व्हय?"

बसमध्ये त्यानं शेजारची जागा झटकून बायकोला बोलावलं. ती आली नाही. वाटेतल्या वसमतपर्यंत दांडा धरून उभी राहिली. त्याच्या जखमेवर माशी बसली, तरी ती हाकायला तिचा हात उठला नाही.