खालच्या आळीची ओ

टाकळबनात दवंडी पिटणं म्हणजे नुसतं बोंबलत फिरणं नव्हतं. आळीच्या तोंडाशी उभं राहायचं, डफावर थाप मारायची, जे सांगायचं ते सांगायचं आणि मग गप्प थांबायचं. आळीतून कुणीतरी "ऐकलं" म्हणून ओ द्यायची. कुणाचीही चाले. चुलीपुढच्या बाईची, खाटेवरच्या म्हाताऱ्याची, शेंबड्या पोराचीसुद्धा. ती आली की दवंडी पोचली. नाही आली तर दवंडीवाल्यानं जागचं हलायचं नाही. "आमाला कुठं सांगितलं?" असा कांगावा पुढं कुणी करू नये म्हणून हा रिवाज पडला होता, आणि कांगावा करणाऱ्यांची टाकळबनात कधीच टंचाई नव्हती.

आणखी एक नियम होता. दवंडीवाल्यानं आपल्याच हाकेला आपण ओ द्यायची नाही. तो जुन्या रामजीनं घालून दिलेला. गावाची दवंडी आधी रामजीकडे होती. छप्पन साली खालच्या आळीनं धम्म घेतला, गावकीची कामं सोडली, आणि रामजीनं डफ पंचायतीच्या ओट्यावर नेऊन ठेवला. तो गुलाम नबीनं उचलला. उचलताना रामजीनं त्याला एवढी एकच गोष्ट बजावली. का, ते गुलाम नबीनं विचारलं नाही आणि रामजी सांगत बसणारा माणूस नव्हता.

पंचफुला ही रामजीची सून. ती लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्याची दवंडी बंद होऊन किती तरी वर्षं झाली होती, पण तिला त्यातलं सगळं ठाऊक होतं, कारण नवरा मुंजाजी सारखा तेच सांगायचा. गावाची शेवटची आळी म्हणजे खालची आळी, नाल्याकाठची. बाप गावभर ओरडून दमून घराकडे यायचा आणि दारात बसलेला छोटा मुंजाजी आळीच्या वतीनं ओ द्यायचा, "ऐकलं, बाबा." सगळी आळी हसायची. मोठेपणी पंचफुला जेवायला हाक मारायची तेव्हाही तो मुद्दाम तसंच हेल काढून म्हणायचा, "ऐकलं, बाबा." ती चिडायची. म्हणजे चिडल्यासारखं करायची.

बहात्तरच्या दुष्काळात खालची आळी पांगली. मुंजाजी हिंगोलीहून रेल्वेत बसून अकोल्याच्या बाजूला खडी फोडायला गेला. "पाऊस पडला की येतो," म्हणाला. पाऊस पडला. पुढच्या सालीही पडला. पांगलेल्यांतले काही परत आले, पण तोवर खालच्या घरांच्या भिंती बसल्या होत्या, म्हणून ते शाळेच्या अंगाला राहू लागले. मुंजाजीबद्दल कुणी म्हणे अकोल्याच्या ठेसनावर दिसला, कुणी म्हणे खाणीत दरड पडली त्यात चार-पाच माणसं गेली, नावं कुणी विचारली न्हाईत. पंचफुला आणि तिची विधवा सासू जनकाबाई एका शेतकऱ्याच्या गोठ्याच्या पडवीत राहात होत्या. आता त्यानंही सांगितलं होतं, की संक्रांतीनंतर म्हैस येणार आहे, तुमचं बघा. म्हशीचा मान मोठा.

जनकाबाई मुंजाजीबद्दल बोलायची नाही. फक्त रोज दिवेलागणीला भाकरीची एक चतकोर मोडून दुरडीखाली झाकून ठेवायची. सकाळी ती शिळी चतकोर दोघी चहात बुडवून खायच्या आणि संध्याकाळी पुन्हा नवी झाकली जायची.

मुंजाजी गेल्याला चौथं साल लागलं, त्या दिवाळीनंतर सरकारनं भूमिहीनांना घरजागा द्यायचं काढलं. माळावर चुन्याच्या रेघा पडल्या. यादीत मुंजाजीचं नाव होतं, पण मुंजाजी नव्हता.

"त्याला हजर कर," ग्रामसेवक म्हणाला, "नाहीतर त्याचा ठावठिकाणा नाही अशी तीन बाजारांच्या दिवशी दवंडी पिटव. कोणाची हरकत आली नाही तर जागा तुझ्या नावावर करतो. नाहीतर दुसऱ्याला जाईल."

"म्हंजी तो मेला म्हनायचं का, साहेब?"

"मेला कशाला म्हणायचं? ठाव लागत नाही म्हणायचं."

"त्यात फरक काय?"

"कागदात फरक आहे, बाई. आणि खालच्या आळीतही दवंडी झाली पाहिजे. ती त्याची राहती आळी."

"तिथं कुत्रं न्हाई राहात."

"तरी झाली पाहिजे," ग्रामसेवक म्हणाला. सरकार एकदा माणसाचं घर ठरवतं ते ठरवतंच, मग त्या घरात वटवाघळं का नांदेनात.

पहिल्या दवंडीच्या दिवशी लोक आखाडा बाळापूरच्या बाजाराहून परतले आणि गुलाम नबी डफ घेऊन निघाला. पंचफुला अंतर ठेवून मागं चालली. दवंडीत बरंच काही होतं. गुरांना लस टोचायला डॉक्टर येणार. विहीर खोल करायला सरकारची मदत मिळणार, ज्याला पाहिजे त्यानं पंचायतीत नाव द्यावं. पीरसाहेबाचा उरूस भरणार, कुस्त्या होणार. कुस्त्या म्हटल्यावर प्रत्येक आळीतून दहा-दहा जणांनी ओ दिली. मग डफाची थाप संथ व्हायची.

"आनि ऐका हो ऐका. मुंजाजी वल्द रामजी, खालची आळी, याचा दुष्काळापासून ठाव लागत न्हाई. त्याची घरजागा त्याच्या बायकोच्या नावानं होनार. कोनाची हरकत असंल, न्हाईतर खुद्द मुंजाजी जित्ता असंल, तर त्यानं चावडीवर यावं."

यावर ओ यायची, पण दबकी. बायका पंचफुलाच्या कपाळाकडे बघायच्या. कुंकू होतं. ते ठेवलं तरी लोक बोलणार होते आणि पुसलं तरी बोलणार होते, म्हणून तिनं ते होतं तसंच ठेवलं होतं.

उतारावरच्या बाभळीपाशी ती थांबली. पुढं उतरायला पाय उचलेना. खाली अंधारत चाललं होतं आणि पडक्या भिंती एकमेकींना टेकून उभ्या होत्या. गुलाम नबी एकटाच खाली गेला. हाक झाली. मग शांतता, आणि मग कुठून तरी घोगरी, हळू ओ आली.

"ऐकलं."

असेल एखादा मेंढरंवाला, असं तिनं मनाला सांगितलं. गुलाम नबी वर आला तो तिच्याकडे न बघता निघून गेला.

"कोन बोललं?" घरी जनकाबाईनं विचारलं.

"ठाव न्हाई, आत्याबाई."

"त्याचा आवाज व्हता का?"

"न्हाई."

जनकाबाईनं त्या दिवशी चतकोर नाही, अर्धी भाकर झाकली. पंचफुलाला भीती वाटली ती त्या अर्ध्या भाकरीची. आळीनं धम्म घेतला तेव्हाच भूतंखेतं मानायची नाहीत असं ठरवलं होतं, आणि ती मानतही नव्हती. पण आठवडाभर गोठ्यातलं वासरू खाकरलं तरी ती दचकून दाराकडे बघायची. त्याहून वाईट म्हणजे दार मोकळं दिसलं की तिला वाईट वाटायचं.

दुसऱ्या बाजारी ती बाभळीपाशी थांबली नाही. आळीच्या तोंडापर्यंत गेली. गुलाम नबीनं मागं वळून पाहिलं, काहीतरी बोलावंसं त्याच्या तोंडावर आलं आणि गेलं. त्यानं डफ वाजवला. हाक दिली. "न्हाईतर खुद्द मुंजाजी जित्ता असंल" म्हणताना त्याचा आवाज चिरकला. मग दोघं उभे राहिले.

नाल्यात बेडूकसुद्धा ओरडत नव्हता. आणि आळीच्या टोकाच्या, रामजीच्या पडक्या घरातून, दारात बसून कुणी म्हणावं इतक्या सहज, हेल काढून ओ आली.

"ऐकलं, बाबा."

गुलाम नबीच्या हातातला डफ खाली पडला. तो उचलून म्हातारा माणूस उतार चढून पळाला. पंचफुला पळाली नाही. तिच्या अंगावर काटा आला होता, आणि तरी त्या क्षणी तिला जे झालं ती भीती नव्हती. तो हेल तिनं चार वर्षांत ऐकला नव्हता. "अवो," तिनं हाक मारली. "अवो, बाहीर या." कुणी आलं नाही. अंधार पडला तशी ती वर आली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात ती त्या घरात गेली. उंबऱ्यावरची माती सपाट होती, पाऊल कुणाचंच नव्हतं. चूल होती तशी होती, आत कोळ्यानं जाळं धरलं होतं. मुंजाजी बसायचा ती दाराजवळची जागा तिनं हातानं चाचपली. थंड होती. सगळीच माती थंड होती म्हणा. तो जिवंत आहे आणि आपण गावभर त्याच्या नावानं ओरडवतोय, या विचारानं तिला उभ्या जागी रडू कोसळलं. दवंडी बंद करायची, जागा गेली तर गेली, असं ठरवूनच ती पडवीत परतली.

पडवीत गुलाम नबी बसला होता. समोर जनकाबाई.

"बेटा," तो म्हणाला, "मला एक सांगायचंय. पयल्या बाजारी ओ दिली ती म्या."

"चाचा?"

"मैं खुद. खाली कोनी न्हाई, किती येळ थांबू? ओ न्हाई आली तर साहेब दवंडी बराबर धरनार न्हाई, तुझी जागा जाईल. मला कीव आली. हळूच म्हनलो, ऐकलं. रामजीनं बजावलं व्हतं तरी म्हनलो."

"आनि काल?"

"काल मी न्हाई," गुलाम नबी म्हणाला. "खुदा की कसम, काल मी न्हाई."

मग जनकाबाईनं विचारलं, "तुमी आपल्या तोंडानं त्याच्या आळीत त्याची ओ दिली?"

"व्हय, भाबी. तकलीफ झाली माझ्यामुळं."

"ते सांगायचे, रिकाम्या जागी आपल्या हाकेला आपनच ओ दिली, की ज्याची ओ व्हती तो मागायला येतो." ते म्हणजे रामजी. जनकाबाई भिंतीकडे बघत बोलत होती. "जित्ता मानूस ओ मागायला येत न्हाई. जित्त्याला काय गरज?"

"पर आत्याबाई, आवाज त्यांचाच व्हता. बराबर त्यांचाच. ते असतील तिथं. आपन दवंडी थांबवू."

जनकाबाईनं तेव्हा सुनेकडे पाहिलं. "घर कुठं हाय आपलं, त्याला ठाव हाय ना? जित्ता असता तर चढ चढून वर आला असता. भुकेलं लेकरू निस्ती ओ देऊन खाली बसून राहात न्हाई." आणि मग, जरा थांबून, "माझं तर मुळीच राहात न्हाई."

एवढं बोलून तिनं भाकरीचं पीठ घेतलं आणि मळायला लागली. ते इतका वेळ मळलं, की पीठ हातातच वाळून गेलं.

तिसऱ्या बाजारी गुलाम नबी यायला तयार नव्हता. ग्रामसेवक त्याच्यावर खेकसला, पण त्यानं ऐकलं ते जनकाबाईचं. "म्या येते संगं," ती म्हणाली. गावातली दवंडी आटोपली. लस टोचून झाली होती, उरूस उद्यावर आला होता, विहिरींच्या मदतीसाठी ज्यांच्या विहिरी चांगल्या होत्या त्यांचीच नावं गेली होती. मग तिघं उतार उतरले. जनकाबाईनं सुनेचा दंड धरला होता, आधार घ्यायला की द्यायला ते सांगता आलं नसतं.

गुलाम नबीनं थाप मारली. हाक दिली. या वेळी त्याचा आवाज चिरकला नाही. खुद्द मुंजाजी जित्ता असंल तर त्यानं यावं, असं त्यानं चावडीसाठी नाही, त्याच्यासाठीच म्हटलं. आणि थांबला.

पंचफुलानं डोळे मिटले. ये, तिनं मनात म्हटलं. मेलेला असलास तरी ओ दे. हरकत घे. माझी जागा जाऊ दे, म्हैस येऊ दे, मी झाडाखाली राहीन, पण एकदा बोल.

काही आलं नाही. बाभळीवर एक पाखरू फडफडलं आणि बसलं. पश्चिमेचा उजेड नाल्याच्या पाण्यात राहिला होता तोही गेला. ते थांबले. ओ आल्याशिवाय गुलाम नबीला हलता येत नव्हतं आणि या खेपेला तो स्वतः तोंड उघडणार नव्हता. ज्याची ओ होती तो गेल्या बाजारीच ती घेऊन गेला होता. आता त्या घरात खरोखरच कुणी नव्हतं, आणि हे पंचफुलाला कळलं तसे तिनं डोळे उघडले.

"आळीतलं कोनी तरी बोलाया पायजे," गुलाम नबी हळूच म्हणाला.

"हाय ना आळीतलं," जनकाबाई म्हणाली. "आमी दोघी हाव." मग तिनं सुनेचा दंड सोडला. "म्या आई हाय. माझ्या तोंडून न्हाई निघायचं. तू म्हन."

"आत्याबाई, मला न्हाई जमायचं."

"म्हन, माय. त्याला जाऊ दे."

पंचफुलानं त्या टोकाच्या दाराकडे पाहिलं. दार दिसत नव्हतं, नुसता काळोख होता, पण ते कुठं आहे ते तिला माहीत होतं.

"ऐकलं," ती म्हणाली.

आवाज भिंतींवर गेला आणि परत आला नाही. गुलाम नबीनं डफावर शेवटची थाप मारली. चढ चढताना तिघांनीही मागं पाहिलं नाही, पण तिघांचेही कान मागंच होते.

पडवीत येऊन जनकाबाईनं भाकरी केल्या. सवयीनं चतकोर मोडली, दुरडी उचलली आणि तशीच धरून राहिली. मग दुरडी रिकामीच बाजूला ठेवली आणि ती गरम चतकोर पंचफुलाच्या ताटात टाकली.

"खा," ती म्हणाली. "गरम हाय तवर."