शिवदास सुताराची धार

"पायरीच्या भायर! पायरीच्या भायर ऱ्हवा गो चेडवांनो!"

तो आवाज अजून माझ्या कानात बसलेला आहे. तीस वर्षं तरी झाली असतील. रुचिरा आणि मी, दोघी फ्रॉकातल्या, शिवदासकाकांच्या खोपीपाशी भुसा वेचायला जायचो. बाहुलीला गादी करायची असायची. पाऊल पायरीला टेकतंय न टेकतंय तोच आतला रंधा थांबायचा आणि हा आवाज यायचा. बाईमाणसाची सावली पडली की हत्याराची धार उतरते, असं काकांचं शास्त्र. मग ती पोटची लेक रुचिरा असो की कुंपणापलीकडची माझ्यासारखी व्हॅलेन्सिया. आमच्या वाट्याला पायरीखाली उडून आलेला भुसा. चांगला भुसा आत.

काकांच्या धारेचं नाव मात्र मोठं. आमची गोराई नावाला मुंबईत. मधे खाडी आडवी पडलीय म्हणून अजून गाव राहिलेली. इथे होड्या, वाल-मुळ्याचे वाफे आणि जुन्या घरांच्या चौकटी. सुताराला काम भरपूर. मनोरीहून, उत्तनहून माणसं यायची, काकांची लाकूड तासायची पटाशी मनगटावरून फिरवून केस उडवून बघायची आणि म्हणायची, धार असावी तर अशी. काकाही मान वर करून बसायचे, जणू लोखंड त्यांनीच आईच्या पोटातून आणलंय. माझं म्हणाल तर, मी काकांना दुपारी कधीही पाहिलं तरी झोपलेलंच पाहिलं. पण नाव झालं की माणूस झोपेतही कारागीर दिसतो.

तीन वर्षांमागे काका गेले. हत्यारं गोणपाटात गुंडाळून खोपीत जमिनीवर पडली. आणि गोराईची जमीन म्हणजे काय? खालून ओल चढते, वरून खारा वारा येतो. खारा वारा येतो, दाराची कडी खातो. कडी खाऊन झाली, बिजागरी खातो. बिजागरी संपली की खिळ्याकडे वळतो, आणि रिकाम्या भोकातून आत शिरून चुलीवरच्या तव्याला हात घालतो. माझ्या बापाचा नवा कोयता गेल्या साली पंधरा दिवसांत तांबडा झाला.

रुचिरा तेव्हा गोरेगावच्या स्टुडिओत सेट बांधायची. सोमवारी प्लायवूडचा राजवाडा उभा करायचा, शनिवारी तोच राजवाडा लाथेने पाडायचा. बारा वर्षं केलं तिने हे. मग यंदा गणपती उठल्यावर एक दिवस ती फेरीबोटीतून उतरली ती सरळ माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"व्हॅली, सोडलं मी."

"काय सोडलं? नवरा तर नाहीच तुला."

"काम गं. आता बाबांच्या खोपीत बसणार. बाबांची हत्यारं वापरणार."

"आणि काकांचं शास्त्र?"

"आधी हत्यारांना घर करते. मग शास्त्राचं बघू."

घर म्हणजे भिंतीवर टांगायचं कपाट. पडवीच्या मोडक्या दाराच्या सागवानी फळ्या तिने काढल्या. खोपीत नाही, पायरीबाहेर चिंचेखाली मांडी घालून बसली. स्वतःची स्टुडिओतली हत्यारं घेऊन. एवढी चाळिशीला टेकलेली बाई, पण पाऊल काही पायरीवर पडेना.

हत्यारांची मापं घ्यायची तेव्हा मोठा तमाशा. वनमालाकाकी, रुचिराची आई, आतून एकेक हत्यार बाहेर आणायची, जुन्या वर्तमानपत्रावर आडवं ठेवायची आणि भोवतीनं पेन्सिल फिरवून द्यायची. रंधा, गुण्या, गिरमिट, सात पटाश्या, तीन करवती. लेक बाहेर कागद झेलतेय, आई आतून कागद देतेय. कोणी विचारलं नाही की काकी बाईमाणूस नव्हे का. घरच्या म्हातारीला गावातले लोक बाईमाणसात धरत नसावेत. भांड्यात, शेणात, राखेत धरत असावेत.

माझा बाप रोझारिओ जाळं विणत कुंपणाशी बसायचा. त्याचं तोंड जाळ्यापेक्षा जास्त चालायचं.

"काय गं पोरी, देव्हारा करतेस का काय? मेणबत्ती आनू?"

"आणा अंकल. तुमच्या नावाने लावते."

"माजा जीव हाय अजून! बरं, ह्या दोन तिरक्या पट्ट्या कशाला?"

"एक भिंतीला, एक कपाटाच्या पाठीला. वरून सोडलं की एकमेकींत बसतात. जेवढं वजन टाकाल तेवढं घट्ट."

"आणि भिंतच आली खाली तर?"

"तर तुमच्या अंगावर येणार नाही एवढी काळजी घेते."

"टोमणे मारायला बापाकडून शिकली," बाप मला म्हणाला. "काम शिकली असती तर बरं झालं असतं."

काम शिकली होती, हे त्याला दिसत होतं. फळीला फळी अशी मिळाली होती की मधे नखसुद्धा जाईना. प्रत्येक पटाशीला तिच्या आकाराची खाच. करवती दारांच्या आतल्या अंगाला, लाकडी खिट्टीवर. मागची फळी भिंतीपासून दोन बोटं सुटलेली, वारा खेळावा म्हणून. ओल चढावी कुठून? पण बघे येत, कपाट उघडझाप करत आणि म्हणत, बाजारात तयार मिळतं की, आरसा लावलेलं. बाईने केलंय म्हटल्यावर त्यांना सागवानसुद्धा थर्माकोल दिसत होतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कपाट भिंतीवर चढलं. भिंतीत पट्टी ठोकायला रुचिरा शेवटी पायरी चढली. आभाळ कोसळलं नाही. एक पाल तेवढी खाली पडली. काकीने हत्यारं एकेक करून खाचांत बसवली आणि पदराने हात पुसत बाहेर आली. केरसुणी उचलून अंगण झाडायला लागली. ती कधी बोलायचीच नाही.

नवमीला सकाळीच नितेश आला. काकांचा पुतण्या. बोरिवलीला त्याचं किचनचं दुकान. त्याने बसवलेली कपाटं पहिल्या पावसात पोळीसारखी फुगतात. काका गेल्यापासून, त्यांना मुलगा नाही म्हणून हत्यारांची पूजा घरातला पुरुष या नात्याने तो करायचा. वर्षातून एक दिवस यायचा, हळद-कुंकू वाहायचा, कोंबडी खायचा आणि जायचा. यंदा मात्र काखेत फुग्या-फुग्यांच्या प्लास्टिकचा गुंडाळा होता.

"झकास झालंय गं कपाट," तो रुचिराला म्हणाला. "पण यार, खोपीत कोण बघणार हे? बीचवर माझ्या मित्राचं हॉटेल होतंय. एक अख्खी भिंत काकांच्या नावाने. काचेच्या मागे हत्यारं, वरून पिवळा लाइट, मधे काकांचा फोटो. लोक उभे राहून सेल्फी काढतील."

"हत्यारं कामाला आहेत, नितेश. सेल्फीला नाहीत."

"तू काम करणार? ह्या हत्यारांनी?" तो हसला. "वेडी आहेस का? जरा ये इकडे. अंकल, तुम्ही पण या."

त्याने कपाटातून रुंद पटाशी काढली आणि माझ्या बापाच्या हातात दिली. बापाने ती मनगटावरून ओढली. पांढरे केस अळवावरच्या पाण्यासारखे ओघळले.

"देवा रे!" बाप म्हणाला. "तीन वर्सां झाली मानूस जाऊन, आणि धार बग! जशीच्या तशी!"

"काकांच्या हातची शेवटची धार," नितेशने पटाशी परत घेऊन आवाज जड केला. "पुन्हा होणार आहे का अशी?"

दारात जमलेल्या चार माणसांनी माना हलवल्या. एकाने तर टोपी काढली. ज्या गावात पंधरा दिवसांत कोयता तांबडा होतो, त्या गावातले हे शहाणे मेलेल्या माणसाची तीन वर्षांची धार बघून हात जोडत होते. आणि मी? मीही त्यांच्यातच उभी होते, अंगावर काटा आणून. सांगायला लाज वाटते.

"आता ही रुचिरा लाकडात घालणार, एका गाठीत वाट लागणार," नितेश म्हणाला. "नंतर रडून काय उपयोग?"

"मी पुन्हा धार लावीन."

"तू? काकांसारखी?"

तिथेच रुचिराला अडवता येत होतं, आणि त्याला ते ठाऊक होतं. स्टुडिओत पाती बदलतात, धार कोणी लावत नाही. तिचा चेहरा ओल्या मातीसारखा खचला.

"नितेस बोलतो त्यात खोटं नाय," बाप म्हणाला. "शिवदासची आठवन म्हनून ऱ्हाऊ दे काचेत. तू घे ना पोरी मशीन-बिशीन."

"अंकल, तीन आठवडे तुम्ही समोर बसून बघितलंत मला."

"बगितलं. पन धार ती धार."

नितेशने प्लास्टिक पसरलं. पहिल्यांदा रंधा गुंडाळला. मग गुण्या. कपाटातल्या खाचा एकेक उघड्या पडत गेल्या, पडलेल्या दातांसारख्या. रुचिराने एकदा हात पुढे केला आणि मागे घेतला.

"आई, तू तरी काहीतरी बोल!"

काकी पूजेचं ताट घेऊन उभी होती. झेंडूची फुलं, हळद, तांदूळ.

"बरोबर," नितेश म्हणाला. "काकी, हत्यारं तुमच्या नवऱ्याची. तुम्ही सांगाल ते शेवटचं. नेऊ ना?"

काकीने ताट खाली ठेवलं.

"ती पटाशी खाली ठेव."

"अहो काकी, काकांची शेवटची धार आहे ही, मी जपूनच—"

"तुझ्या काकाक धार लावूक कधी येवकच नाय."

बापाने मनगटावरची केस उडालेली जागा चोळली.

"तेच्या बापाशीन मारून मारून शिकवल्यान. मनगट स्थिर ऱ्हवायचा नाय तेचा. पाता गोल होय. माका माझ्या बापाशीन शिकवल्यान होता, तेका झील नव्हतो, मी एकटा चेडू, म्हणान. लगीन होऊन इलंय, तेच्या तिसऱ्या दिसापासून मी लावतंय. तो जेवून आडवो पडलो की मागल्या दारी, न्हाणीच्या दगडार. तो आधी पायरीर ठेवून जाय, उठलो की उचलून नेय. आमी दोघा तेच्यावर एक अक्षर कधी बोललाव नाय."

"काकी, तुम्ही..." नितेशने हातातल्या पटाशीकडे बघितलं.

"माझ्या घोवाचा नाव गावात चलता हा, चलांदे म्हटलंय. तो गेल्यावर सुद्धा गप ऱ्हवलंय. पण माझ्या चेडवाक धार येवची नाय म्हणतस? उद्यापासून तिका मी शिकवतलंय." तिने हात पुढे केला. "आण हय. आणि तीन वर्सां धार टिकता, असा खयच्या शाळेत शिकलंस रे? तुझ्या हातात हा ना ती पटाशी, तिका काल दुपारी धार लावलंय मी."