दोन्ही बाजूंना दार असलेली बंदूक

राग मला लवकर येतो, हे मान्य. माझी बायको शरीफुन्निसा म्हणते, तुमचं डोकं म्हणजे आपला गावचा स्टोव्ह, काडी दाखवायच्या आधीच भडकतो. पण त्या वेळचा राग रास्त होता, आणि आज सांगतानासुद्धा तो उतरलेला नाही. माझ्या पोटच्या पोरीने मला खोटारडा ठरवलं. का, तर एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर इंग्रजीत काहीतरी छापलं होतं म्हणून.

मी शब्बीर, दिघीचा. बाप खाडीच्या काठावर होड्या बांधायचा. करवत, रंधा, पटाशी सगळं त्याच्या हाताखाली शिकलो आणि बहारीनला आलो. सित्रामध्ये एका डेकोर कंपनीत सुतार होतो, सकाळी साडेपाचला कंपनीची बस. चौदा वर्षांत बँकांचे काउंटर केले, हॉटेलांचे बार केले, बड्या लोकांच्या घरातली कपाटं केली. कशावर माझं नाव नाही आणि मला त्याचं दुःखही नाही. कपाटावर सुताराचं नाव कोण लिहितो?

सत्त्याण्णव साली तिथल्याच सीफ भागात एक नवं रेस्टॉरंट उघडायचं होतं. गोऱ्यांचं जेवण, मांसाचे हे एवढे तुकडे. मॅनेजर होता इक्बाल, आपला महाडचा. म्हणजे आपलाच माणूस, म्हणून तर जास्त लागलं. शाळेच्या उन्हाळी सुट्टीत शरीफुन्निसा आणि आमची पोरगी अस्मा गावी गेल्या होत्या, तेव्हा तो माझ्या खोलीवर आला, मी केलेलं सुरमईचं कालवण भाताबरोबर चाटून पुसून खाल्लं आणि पिशवीतून एक व्हिडिओ कॅसेट काढली.

"शब्बीरभाई," म्हणाला, "ह्या पिक्चरमधल्या बंदुका पाहिजेत. भिंतीवर लावायला. हुबेहूब. बहारीनमध्ये हे काम तुमच्याशिवाय कोणाला जमायचं नाही."

जुना इंग्रजी पिक्चर. घोडे, धुरळा, मोठ्या टोप्या, आणि एक माणूस एकटाच सगळ्या गावाशी भांडतो. भाषा मला निम्मी कळली, पण बंदुका बघायला भाषा कशाला लागते? दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की मी टीव्हीसमोर बसायचो. कॅसेट थांबवली की चित्र थरथरायचं, मधून पांढरे पट्टे जायचे, आणि पाच मिनिटांनी ती आपोआप पुढे पळायची. मग पुन्हा मागे, पुन्हा थांबव. मापं काढली ती हाताच्या अंदाजाने. हिरोची चार बोटं बंदुकीखालच्या लोखंडी कडीत बसतात, माझीही चारच बसतात, त्यावरून बाकीचं ठरवलं. चार लांब बंदुका आणि सहा पिस्तुलं केली. पोलिसांची कटकट नको म्हणून सगळं आतून-बाहेरून लाकूड. वरून काळा रंग, आणि त्यावर पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळून चोळून लोखंडाची चकाकी आणली. हिरोच्या बंदुकीचा दस्ता हाताने झिजलेला दिसतो, तोही तसाच झिजवला.

एक अडचण होती. पिक्चरमध्ये ती मोठी बंदूक नेहमी उजव्या अंगानेच दिसायची. त्या अंगाला काडतूस आत ढकलायचं एक छोटं दार होतं. डाव्या अंगाला काय आहे ते मला दोन महिन्यांत एकदाही दिसलं नाही. मी होडीवाल्याचा पोर. होडीत जे उजवीकडे तेच डावीकडे, नाहीतर ती कलंडते. मी डावीकडेही तसंच दार कोरलं आणि त्याचा दुसरा विचारही केला नाही.

अस्मा परत आली तेव्हा बंदुका भिंतीवर लागल्या होत्या. मी तिला सगळं सांगितलं. दहा वर्षांची पोर, पाचवीत, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. भारी खूश झाली. वर्गात जाऊन सांगितलं की माझ्या अब्बांनी पिक्चरच्या बंदुका बनवल्या. तिच्या वर्गातली रंजिता आईवडिलांबरोबर तिथे जेवायला गेली, आणि दुसऱ्या दिवशी तिने अख्ख्या वर्गाला सांगितलं की अस्मा थापा मारते, तिथे तर पाटी आहे, बंदुका ओरिजिनल आहेत, पिक्चरमध्ये वापरलेल्या.

अस्मा रडत घरी आली. "दे कॉल्ड मी लायर," म्हणाली. आणि मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "अब्बा, डिड यू रिअली मेक देम?"

त्या 'रिअली'ने माझं काळीज चिरलं. मी म्हटलं, "गुरुवारी चल. इक्बालचाचाच्या तोंडून ऐकवतो."

गुरुवारी संध्याकाळी इस्त्रीचे कपडे घालून आम्ही दोघं गेलो. भिंतीवर माझ्या बंदुका, खाली काचेच्या चौकटीत कार्ड. अस्माने वाचून दाखवलं. त्या जगप्रसिद्ध पिक्चरमध्ये प्रत्यक्ष वापरलेली मूळ हत्यारं, खास अमेरिकेहून आणलेली. अरे, सित्राहून आणली होती ती, कंपनीच्या बसमध्ये, माझ्या मांडीवर, जुन्या चादरीत गुंडाळून.

मी इक्बालला बोलावलं. म्हटलं, "इक्बालभाई, पोरीला सांगा, ह्या कोणी केल्या."

तो आधी आजूबाजूच्या टेबलांकडे बघून हसला. मग अस्माच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाला, "बेटा, तुझ्या अब्बांनी ह्यांना पॉलिश केलंय. फारच सुंदर पॉलिश."

पॉलिश. माझ्या हाताची सालटी निघाली आणि हा माणूस पॉलिश म्हणतो. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "हे काय लावलंय? माझ्या पोरीसमोर मला झाडूवाला करतोस?"

"शब्बीरभाई, धंद्याच्या गोष्टी आहेत," तो पुटपुटला. "गिऱ्हाइकाला गोष्ट लागते. दिघीच्या सुताराने केलं म्हटलं तर कोण फोटो काढणार? घरी जाऊन पोरीला समजवा काय ते."

"घरी काय समजवू? तिथे तर मीच खोटा आहे."

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा गोरा साहेब उठून बंदुकांजवळ आला. जुन्या बंदुकांचा शौकीन होता. इक्बालने घाईघाईने मोठी बंदूक खाली काढून त्याच्या हातात दिली. साहेबाने ती उलटसुलट केली, डाव्या अंगाचं दार बघितलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या. भराभर काहीतरी बोलला. मला नीट कळेना, म्हणून अस्माला विचारलं.

"अंकल सेज, खऱ्या गनला," ती इंग्रजी-मराठीची खिचडी करत म्हणाली, "डोअर ओन्ली राइट साइडला असतं."

चूक झाली होती तर. पण खरं सांगतो, मला हायसं वाटलं. एवढा जाणकार माणूस, त्याने चूक पकडली, आता हा अमेरिकेचा फुगा फुटणार. माझी लाज गेली तर गेली, पोरीसमोर खरं तरी होईल. मी वाट बघत उभा राहिलो.

साहेब पुढे बोलला आणि टेबलावरचे सगळे वा वा करायला लागले. अस्मा म्हणाली, "अंकल सेज, मूव्हीसाठी स्पेशल बनवली. हिरो दोन्ही साइडने कॅमेऱ्याला दाखवू शकतो. अंकल सेज इट इज डेफिनेटली ओरिजिनल."

माझी चूक. माझी स्वतःची, बापाच्या होडीवरून आलेली चूक. तीसुद्धा ह्या लोकांनी उचलून अमेरिकेला देऊन टाकली. मी अस्माला म्हटलं, "सांग त्यांना, ते दार माझ्याकडून चुकून झालं. होडीच्या हिशोबाने केलं. सांग."

ती खाली बघत राहिली. "अब्बा, प्लीज," म्हणाली. "लेट्स गो होम."

तिने नाही सांगितलं. लोकांसमोर तिला माझी लाज वाटली. मग मात्र माझा ताबा सुटला. मी साहेबाच्या हातातून बंदूक ओढली आणि गुडघ्यावर घालून मोडली. काडकन दोन तुकडे झाले. आतलं कोरं लाकूड सगळ्यांसमोर धरलं आणि माझ्या फाटक्या इंग्रजीत म्हटलं, "वूड. आय मेक. सित्रा."

साहेबाने एक तुकडा हातात घेतला, बोटाने चाचपला, आणि शांतपणे मान हलवली. म्हणाला, बरोबर आहे, पिक्चरवाले मारामारीसाठी आणि घोड्यावरून पडण्यासाठी लाकडाच्याच बंदुका वापरतात, लोखंडाने नटाला लागेल ना. म्हणजे ही तर नक्कीच पिक्चरमधली. आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मशिदीतली काचेची हंडी फोडली.

मी हात टेकले. ह्या लोकांना खरं दाखवावं तरी कसं? इक्बालने दंडाला धरून आम्हाला बाहेर काढलं. टॅक्सीत अस्मा खिडकीला नाक लावून बसली होती. मी म्हटलं, "बघितलंस ना लाकूड?" ती म्हणाली, "अंकल सेड मूव्ही गन्स आर वूड ओन्ली."

माझी सगळ्यात चांगली वस्तू मी माझ्या हाताने मोडली होती आणि पोरगी होती तिथेच होती.

इक्बालने माझ्या मालकाकडे तक्रार केली. मालकाने मला उभं करून झापलं, व्हिसा कोणाच्या हातात आहे त्याची आठवण करून दिली, आणि वर शिक्षा म्हणून सांगितलं की त्या रेस्टॉरंटला एक काचेची पेटी पाहिजे, सागवानी चौकटीची, ती फुकट करून द्यायची. कशासाठी, ते सांगितलं नाही. मी केली. राग गिळून केली, पण वाकडी नाही केली. हात ऐकत नाही वाकडं करायला.

शुक्रवारी दुपारी ती बसवायला जायचं होतं. शरीफुन्निसाने अस्माला माझ्याबरोबर धाडलं. "तू सोबत असलीस म्हणजे अब्बा गप्प राहतील," म्हणाली. मी पेटी भिंतीला स्क्रूने आवळली आणि अवजारं पिशवीत भरत होतो. रेस्टॉरंट जेवणाऱ्यांनी भरलेलं. इक्बालने मखमलीचा तुकडा आणला, त्यावर माझ्या बंदुकीचे दोन तुकडे ठेवले, आणि समोर एक नवं छापील कार्ड उभं केलं.

अस्मा जवळ जाऊन ते वाचायला लागली. आधी मनात, मग मोठ्याने. पिक्चरच्या शेवटच्या मारामारीचं शूटिंग चालू असताना हिरोच्या हातात मोडलेली मूळ बंदूक.

ती वळली. "बट अब्बा," म्हणाली, "यू ब्रोक इट."

"हो."

"हिअर. आय सॉ."

"हो, बेटा."

तिने ते कार्ड पुन्हा वाचलं. मग भिंतीवरच्या जुन्या कार्डाकडे गेली आणि तेही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, शाळेत वाचतात तसं, बोट फिरवत. तिचे कान लाल व्हायला लागले होते. माझ्या घराण्याचा राग आहे तो, मी ओळखतो.

ती सरळ पहिल्या टेबलाशी गेली. "एक्स्क्यूज मी," म्हणाली, "दॅट कार्ड इज अ लाय. बोथ कार्ड्स. माय फादर मेड दीज गन्स." लोकांनी घास हातात धरून बघितलं. ती दुसऱ्या टेबलाशी गेली. तिथेही तेच, त्याहून मोठ्या आवाजात. मग तिसऱ्या.

इक्बाल माझ्याकडे धावला. "शब्बीर, पोरीला आवर. मालकाला फोन करीन मी. खलास होशील."

मला व्हिसा आठवला, अस्माची शाळा आठवली. "कर फोन," मी म्हटलं. "ती खरं बोलते आहे. खऱ्याला आवरायचं कसं, ते मला माहीत नाही."

तिसऱ्या टेबलावर एक बाई होती, मायाळू चेहऱ्याची. तिने अस्माचा हात धरला आणि हसत विचारलं की बाळ, एवढ्या मोठ्या छापील कार्डावर लिहिलंय ते खोटं आहे, असं तुला कोणी सांगितलं?

माझी पोरगी म्हणाली, "माय फादर."