आज वारा कुठला?

सेवास्तीच्या बेटावर किनारे चार आणि वारे बत्तीस. बत्तीस हा आकडा तिचा तिनेच ठरवलेला, पण तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. एकदा म्हणे उत्तरेचा असा सुटला की पाद्रीबाबांची टोपी उडाली, ती थेट शेजारच्या बेटावरच्या बिशपच्या डोक्यावर जाऊन बसली. बिशपने परतही दिली नाही. त्याला बरोबर बसली ना!

सेवास्ती पाच खोल्या भाड्याने द्यायची. रोज सकाळी पाहुणे अंगणातल्या वेलाखाली कॉफी घेत बसले, की सगळ्यांचा एकच प्रश्न: "कीरा सेवास्ती, आज कुठला किनारा?" कीरा म्हणजे त्यांच्याकडे थोरल्या बाईला मानाने म्हणतात ते.

सेवास्ती अंगणाच्या मधोमध उभी राहायची, बोट तोंडात घालून ओलं करायची आणि वर धरायची. पाहुण्यांच्या फोनमध्ये वारा दिसायचा म्हणे. "फोनला कातडी आहे का?" ती विचारायची. वारा पश्चिमेचा तर पूर्वेला आमुदीवर जा. पूर्वेचा तर पश्चिमेला कामारावर. उत्तरेचा असेल तर डोंगराच्या आडोशाला, दक्षिणेच्या लिवादीला. बेटावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं हे, वाऱ्याकडे पाठ करायची.

मग दक्षिणेचा असेल तर? तर उत्तरेच्या मावरावर जायला हवं. काळे गोटे, काळं पाणी, चिटपाखरू नाही. पण सेवास्तीने मावरावर कुणाला म्हणून पाठवलं नाही. दक्षिणेचा सुटला की म्हणायची, "घरी बसा, कलिंगड खा. मावरावर जाऊ नका. तिथे एक तीन दातांचा म्हातारा पाण्यातून येतो, पत्ते खेळायला बसवतो. हरलात तर डोक्यावरचे केस घेऊन जातो. एक जर्मन गेला होता, येताना चकाचक."

पाहुणे हसायचे, पण जायचे नाहीत. तेवढंच तिला हवं असायचं.

कारण त्या किनाऱ्यावर तिने आयुष्यात एकाच माणसाला पाठवलं होतं. आर्गिरिसला, तिच्या नवऱ्याला. तो परत आला नाही. होडीचं एक वल्हं तेवढं आलं.

त्याला झाली अकरा वर्षं. आणि त्याच उन्हाळ्यापासून पलंगाची त्याची बाजू रोज सकाळी ओली. आधी सेवास्तीला वाटलं, छप्पर गळतंय. जूनमध्ये कुठलं गळायला! चादर वाळली की तिच्यावर मिठाचे पांढरे नकाशे उठायचे. त्यांच्याकडे मानतात, ईस्टरला पाताळाची दारं उघडतात आणि मेलेली माणसं पन्नास दिवस मोकळी फिरतात. घरात येतात, वेलावर बसतात, म्हणून त्या दिवसांत कुणी वेलाची फांदी तोडत नाही. मग पन्नासाव्या दिवसाच्या आदल्या शनिवारी, सूर्य बुडायच्या आत, सगळ्यांना परत जावं लागतं. त्या दिवशी घरोघर गहू उकडतात, वर साखरेचा जाड थर, डाळिंबाचे दाणे, बेदाणे. कोलिवा म्हणतात. गोड खाऊन माणूस निघतो.

सगळ्यांची माणसं निघायची. हिचं निघत नव्हतं. दर वर्षी ती वाडगा घेऊन लिवादीला जायची, पाण्याच्या कडेला ठेवायची आणि म्हणायची, "समुद्र सगळा एकच." दर वर्षी वाडगा तसाच परत यायचा, साखरेवर मुंगीसुद्धा नाही. आणि पलंगावरची ओल दर वर्षी चार बोटं पुढे सरकायची. यंदा तिच्या उशीला लागली होती. आता तिची पाळी, हे सेवास्तीला पक्कं कळलं होतं. पुढच्या वर्षी हे पाणी नाकाशी असणार.

तर यंदाचा तो शनिवार. सकाळी बोट वर केलं, कडक उत्तरेचा. "सगळे लिवादीला!" सेवास्तीने हुकूम सोडला. पाहुण्यांत दानाई म्हणून एक पोरगी होती, लारिसा गावची नर्स, सुट्टी काढून एकटीच आलेली. ती टोपी घालून गेली आणि जेवायच्या वेळेला परत आली. तोंड उतरलेलं.

"काय गं, एवढ्यात? लिवादीचं पाणी संपलं का?"

"लिवादीला पाय ठेवायला जागा नाही, कीरा. खुर्चीला खुर्ची लागलेली, वर गाणी. मी मावराला गेले."

सेवास्तीच्या हातातला डाव उकळत्या गव्हात पडला.

"रागावू नका. पाण्यात नाही उतरले, घराएवढ्या लाटा होत्या. खडकाच्या आड बसले नुसती. तुमचा म्हातारा भेटला."

"कुठला म्हातारा? तो मी... अगं, ती थाप आहे माझी!"

"पत्ते नव्हते त्याच्याकडे. दातही सगळे होते. जाळं विणत होता. मला म्हणाला, आज वारा कुठला?"

सेवास्ती खुर्चीवर बसली. हा प्रश्न तिने कधी कुणाला सांगितला नव्हता. थापेतसुद्धा नाही.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, मला नाही कळत, आमच्या घरमालकीणबाईंना विचारा, त्यांना कळतं. तर हसला. म्हणाला, तिला विचारूनच निघालो होतो."

सेवास्तीने गव्हाखालचा जाळ बंद केला.

"आणि हे दिलंय तुमच्यासाठी." दानाईने पिशवीतून काहीतरी काढलं. सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा, चार घड्या घातलेला, ओला. "म्हणाला, तिची खिडकी वाजते, झोप मोडते. फटीत घाल म्हणावं."

तो पुठ्ठा सेवास्तीने अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने धक्क्यावरून समुद्रात फेकला होता.

त्याचं असं झालं होतं. आर्गिरिस रोज पहाटे अंथरुणातच विचारायचा, "सेवास्ती, आज वारा कुठला?" मासेमारी त्याची, पण वारा हिचा. ही त्या काळी उठायचीसुद्धा नाही. खिडकीचं लाकडी दार सैल होतं, उत्तरेचा सुटला की धाड धाड वाजायचं. वाजलं की उत्तरेचा, लिवादीकडे जाळी टाक. नाही वाजलं की मावराकडे, तिकडे मासळी जास्त. पडल्या पडल्या सांगायची आणि कूस बदलायची. वीस वर्षं तिचं चुकलं नाही. आणि वीस वर्षं ती कुरकुरत होती, "अरे, ती खिडकी कर की नीट! डोकं उठतं माझं."

एके रात्री त्याने केली नीट. पाकीट फाडलं, पुठ्ठ्याला चार घड्या घातल्या, फटीत बसवला. तिला सांगितलं नाही. सकाळी आपोआप कळेल, खूश होईल, असं वाटलं असेल बापड्याला.

पहाटे त्याने विचारलं. तिने कान दिला. खिडकी गप्प.

"वारा नाही," ती म्हणाली. "मावराला जा."

दुपारी गावकरी वल्हं घेऊन आले, तेव्हा खिडकी लावायला गेली आणि हाताला पुठ्ठा लागला. बाहेर ऑलिव्हची झाडं जमिनीला टेकत होती.

हे तिने पाद्रीबाबांना सांगितलं नाही, बहिणीला नाही, कुणाला नाही. उलट त्या दिवसापासून रोज अंगणात जाऊन बोट वर करायला लागली. मावराला ती गेली नव्हती ती याचसाठी. तिथे गेलं तर सांगावं लागणार.

दिवस कलायला लागला, तशी सेवास्तीने कोलिवावर साखर थापली, वाडगा फडक्यात बांधला आणि पांडेलिसच्या दारावर लाथ मारली. पांडेलिसचा एक तीनचाकी टेम्पो होता, मागे उघडा हौदा, बेटावरचं कलिंगड आणि सिमेंट तोच वाहायचा.

"मावराला चल."

"तू? मावराला?" पांडेलिसने दाढी खाजवली. "कीरा, केस न्यायचे का त्याला तुझे? आहेत किती तरी?"

"तुझ्यापेक्षा चार जास्त आहेत. चालव."

दानाईही मागे चढली. "नर्स आहे मी," म्हणाली, "तुमचा रंग बरा नाही."

मावराच्या वाटेच्या टोकाला सेवास्तीने दोघांना थांबवलं आणि वाडगा घेऊन एकटी गोट्यांवरून खाली गेली. वारा असा, की तोंड उघडलं तर आतलं बोलणं आतच ढकलावं. लाटा काळ्या, वर पांढऱ्या. खडकावर अर्धं विणलेलं जाळं होतं. माणूस नव्हता. पण जिथे लाट पोचत नव्हती, तिथले एका माणसाच्या बैठकीएवढे गोटे ओले होते. आणि त्या सोसाट्यातही तंबाखूचा वास तिथेच थांबून राहिला होता.

ती त्या ओल्या गोट्यांच्या शेजारी बसली. पलंगावर बसायची तशी, डाव्या बाजूला.

"सेवास्ती," अगदी कानाशी आवाज आला, झोपेतला, घोगरा. "आज वारा कुठला?"

तिने मान वळवली नाही.

"आर्गिरी, त्या दिवशी मी उठलेच नव्हते रे. बघितलंच नव्हतं. खिडकी वाजली नाही, म्हणून बोलले. वीस वर्षं मी तुला नुसती खिडकी ऐकून सांगत होते."

लाटा येत राहिल्या. सेवास्तीला वाटलं, आता हात येणार, गार, पायाला धरणार. येऊ दे म्हणाली मनात.

"हात्तिच्या," आवाज म्हणाला. "आणि मी तीच गप्प केली."

मग म्हणाला, "बरं. पण आज कुठला? मला निघायचंय. ऊन उतरायला लागलं."

आता आली पंचाईत! सेवास्ती उठली, बोट तोंडात घातलं, वर धरलं. उत्तरेचा, तोच, तसाच. वारा नाही म्हणावं, तर पुन्हा तीच थाप, पुन्हा याच काळ्या पाण्यात त्याला लोटायचं. खरं सांगावं, तर तो निघणार नाही, वर्षभर पुन्हा पलंगावर, आणि पुढच्या वर्षी ती ओल हिच्या नाकातोंडात. सूर्य पाण्यापासून दोन हात वर. थापा मारण्यात सगळ्या बेटावर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि आता एक थाप मारली की सुटली असती.

"उत्तरेचा आहे," ती म्हणाली. "मोठा आहे. इथून जायचं नाही."

मग तिने ॲप्रन झटकला आणि शेंबड्या पोराला कळतं ते बोलली. "उत्तरेचा असला तर कुठे जातात? लिवादीला. ऊठ. चल माझ्याबरोबर."

ती वर चढली. मागे गोटे वाजत होते, जड, ओल्या बुटांसारखे. तिने दहा वेळा मागे वळून बघितलं आणि दहाही वेळा ओरडली, "पाय उचल की जरा!"

"कुणाशी बोलतेस?" पांडेलिसने विचारलं.

"तू पुढे बघ. पोरी, तूही पुढे ये, मांडीवर बस कुणाच्या तरी. मागे जागा नाही."

मागे हौदा रिकामा होता. पण पांडेलिसने गाडी सुरू केली, तर मागचा भाग सिमेंटच्या वीस गोणी असल्यासारखा खाली बसला. चढावर गाडी रडली. पांडेलिसने आरशात एकदा बघितलं आणि नंतर आख्खा डोंगर छातीवर क्रूस काढत उतरला.

लिवादी गच्च भरलेली. तेल चोपडलेली माणसं, गाणी, मक्याची कणसं. पाणी तव्यासारखं सपाट. सेवास्ती वाडगा घेऊन मधोमध चालायला लागली आणि तिच्यामागून काहीतरी गार गेलं. ज्यांच्या जवळून गेलं, त्यांनी टॉवेल ओढून घेतले. एक तान्हं रडायचं थांबलं. आणि छत्र्या, एकामागून एक, आपोआप मिटल्या, देवळात बायका माना झुकवतात तशा. हे दानाईने पाहिलं. पांडेलिसने डोळे मिटलेले होते, पण पाहिलं त्यानेही.

पाण्याच्या कडेला सेवास्ती थांबली. वाडगा खाली ठेवला.

"वाऱ्याचं बघितलंय मी. स्वतः बघितलंय. जा आता."

साखरेच्या थरात चार बोटांचा खड्डा पडला. वाळूवर पावलं उमटली, पाण्याकडे जाणारी, आत पाणी भरलेली. शेवटचं पाऊल लाटेने पुसलं. तेवढ्यात सूर्य गेला.

पांडेलिस टेम्पोपाशी ओरडत होता, "हौद्यात एवढं पाणी कुठून आलं? आणि ही सार्डीन मासळी कुणाची? जिवंत आहे अजून!"

दुसऱ्या दिवशी पहाटे खिडकी धाड धाड वाजली. पुठ्ठा सेवास्तीच्या ॲप्रनच्या खिशात होता. तिने तो फटीत घातला नव्हता, आता घालणारही नव्हती. सवयीने तिचा हात शेजारी गेला. चादर कोरडी होती. खडखडीत, उन्हात वाळल्यासारखी. ती हात फिरवत राहिली, पार पलीकडच्या कडेपर्यंत. कुठेच ओल नव्हती.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिला त्या पलंगाची भीती वाटली.

बाहेर वेलाखाली कप वाजले. "कीरा सेवास्ती," दानाईने हाक मारली, "आज कुठला किनारा?"

खिडकी पुन्हा आपटली. सांगता आलं असतं पडल्या पडल्या.

"थांब," सेवास्ती म्हणाली, "उठू दे मला आधी."