बेचाळिसावी शंका

मी एक जुने, पाठ उसवलेले पुस्तक आहे. माझ्याकडे असे टकामका बघू नका, मित्रांनो. कोणी माझ्याकडे फार प्रेमाने बघू लागले, की याला माझ्यात नक्की काय बांधायचे आहे, अशी शंका मला आधी येते. हा स्वभाव मला दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांनी दिला. तेव्हा आमच्या वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले, आणि कागद औषधालाही मिळत नसे. नांदुऱ्याच्या बाजारात मिशनचे लोक पुस्तके वाटत. लोक हात जोडून ती घेत, आणि पुढच्या आठवड्यात माझीच भावंडे जिऱ्यामिऱ्याच्या पुड्या होऊन घरोघरी जात.

माझा जन्म मिशनच्या छापखान्यात झाला. माझ्या पोटात एक्केचाळीस शंका आणि प्रत्येकीखाली तिचे उत्तर. देव एक की अनेक, मूर्ती का पुजू नये, मेलेला माणूस उठेल कसा, सगळे क्रमांक घालून छापलेले. पाद्रीसाहेबांनी मला उकंडरावाच्या हाती दिले नि सांगितले, "मित्राच्या मनात शंका असली, तर यातले उत्तर त्याला वाचून दाखवा."

उकंडराव कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मुकादम होता. बारा वर्षांपूर्वी त्याने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा भावकीने त्याचे पाणी तोडले. शेषराव नावाच्या शेतकऱ्याने मात्र त्याला आपल्या विहिरीवर घेतले. तेव्हापासून दोघांची दोस्ती. आपल्याला जे मिळाले ते या माणसालाही मिळावे, एवढीच उकंडरावाची आस होती. त्यात मला खोट दिसली नाही, आणि खोट मला चटकन दिसते.

संध्याकाळी शेषराव ओट्यावर चहा प्यायला येई आणि काहीबाही विचारी. त्याचे बोलणे पुरे होण्याआधीच उकंडरावाचे बोट माझ्या अनुक्रमणिकेवर फिरू लागे. "सतरावं," तो म्हणे, आणि वाचू लागे. शेषराव मान हलवून म्हणे, "हाव बाप्पा, बराबर हाये." मला हे लक्षण बरे दिसेना. ज्याला खरेच पटते, तो थोडा तरी भांडतो. हा गडी चहासाठीच येत असावा, असे मी धरून चाललो. पण दर संध्याकाळी जिंकायची मलाही चटक लागली होती, हे कबूल करतो.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोण्या-हळदीने मळतात आणि त्यांना सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." उकंडरावाची बायको मनकर्णाबाई दरवर्षी शेषरावाच्या गोठ्यात जाऊन हे आवतन देई. पूजा ती करत नसे. म्हणायची, "वर्षभर राबनाऱ्याले गोड घास घातला, तर आमच्या देवाले राग काऊन यीन?" पोळा फुटला, म्हणजे बैल तोरणाखालून सुटले, की शेषराव आपली जोडी सगळ्यांत आधी तिच्या दारी आणायचा.

त्या वर्षीही त्याने आणली. शिंगांना बेगड, अंगावर झूल. मनकर्णाबाई पुरणपोळीचे ताट घेऊन आली, तर उंबऱ्यात नवरा आडवा उभा, हातात मी. त्याने तेविसावे उत्तर काढले, 'जनावरांची पूजा का करू नये', आणि दीड पानभर सगळे खड्या आवाजात वाचले.

"मंग घास तर घालू द्या," ती मागून म्हणाली. त्याने हात आडवा केला.

शेषरावाने सगळे ऐकून घेतले. म्हणाला, "उकंडा, पूजा तुले कोनं मांगतली बे? काल वयनीनं आवतन देल्लं. ते जेवाले आले होते." आणि त्याने जोडी वळवली.

आवतन देऊन पाहुण्याला दारातून उपाशी परत पाठवणे, याहून मोठा अपमान आमच्याकडे नाही. आणि मी मात्र त्या घटकेला मनात फुगत होतो, की आज मला काय स्पष्ट वाचले. आता आठवले की लाज वाटते.

शेषराव ओट्यावर येईनासा झाला. पंधरा दिवसांनी आला तो खालीच उभा राहिला. "ते पुस्तक दे," एवढेच बोलला. उकंडरावाचा चेहरा उजळला. त्याला वाटले, तेविसावे उत्तर वर्मी लागले. मला ठाऊक होते, पाणी कुठेतरी मुरते आहे.

शेषरावाने मला गोठ्याच्या कोनाड्यात ठेवले. आता आपल्या पुड्या होणार, हे मी नक्की केले. एकदा त्याची लेक कोकिळा हळदीचे भांडे घेऊन आलीच. "बाबा, याच्या कागदात हयद बांधू का?"

"नाई. वाचून राह्यलो मी."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता, पण माझा संशय दुप्पट झाला. जो पुड्याही बांधत नाही, त्याच्या मनात याहून मोठे काहीतरी असणार. कापसाचा वेचा चालू होता, त्यातून सवड काढून तो मला वाचे. बोट ओले करून पान उलटी. मला ते मुळीच आवडत नसे. एक्केचाळीसही शंका त्याने वाचल्या, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिल दाबून काहीतरी लिहिले. दिवाळीनंतर त्याने मला उकंडरावाच्या हातात दिले आणि निघून गेला.

उकंडरावाने ते पान मोठ्याने वाचले. "शंका बेचाळिसावी. माही कोकिळा तापानं पडली होती, तवा तू सात दिवस तिच्या उशाशी बसला. ते तिच्यासाठी बसला होता, का मले तुह्या देवाकडे ओढासाठी?"

त्याचे बोट सवयीने माझ्या अनुक्रमणिकेवर गेले. वरून खाली आले, पुन्हा वर गेले. माझे क्रमांक एक्केचाळिसावर संपत होते. भावकीने टाकले तेव्हा सोबत राहिलेला हा एक माणूस, आणि त्याचाच भरवसा उडाला होता.

"पुस्तकात काय पाह्यता?" मनकर्णाबाई म्हणाली. "काऊन बसले होते, ते तुमाले मालूम नाई का?" तिने फडक्यात पोळ्या बांधून दिल्या. "हे घिऊन जा. बोलनं जमो का न जमो."

मला त्याने सवयीनेच काखेत धरले. शेषराव गोठ्यात कडबा तोडत होता. त्याने वर पाहिले नाही.

"शेषा," उकंडराव म्हणाला, "तवा मले देवबी सुचत नवता. पोरगी जगते का मरते, एवढंच पाहून राह्यलो होतो."

"मंग पोळ्याले काय झालं होतं?"

उकंडरावाने पोळ्यांचे फडके सोडले. "जिंकाचं होतं," तो म्हणाला. "चुकलो."

"मले नको सांगू. उपाशी ते गेले होते."

उकंडरावाने माझ्याकडे पाहिले. बैलांपुढे हात जोडणे तेविसाव्या उत्तरात बसत नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. मग त्याने मला कडब्यावर पालथे ठेवले, पोळी हातावर घेतली आणि बैलापुढे धरली. "आवतन देऊन तुमाले उपाशी धाडलं, बापहो. माहं चुकलं." बैलाने आधी हुंगले, मग घास घेतला. त्याला असे बोलताना मी कधी ऐकले नव्हते. एक्केचाळीस उत्तरे वाचताना तर नाहीच.

शेषराव कडबा खाली ठेवून जवळ आला. "तुहा देव माफ करते म्हंतो तू. तरी मानसाले असं जाऊन सांगा लागते का?"

"हाव. लागते."

"ते सांग मले. पुस्तक राहू दे."

मग दोघे पुष्कळ वेळ बोलत बसले. शेषरावाला काय पटले, काय नाही, ते मला विचारू नका. पण पहिल्यांदाच तो भांडला.

ही हकीकत पाद्रीसाहेबांच्या कानी गेली. ते म्हणाले, "त्या शंकेचे उत्तर लिहून द्या, पुढच्या खेपेला छापू." उकंडराव म्हणाला, "नाई साहेब. छापलं का मंग ते कोनीबी वाचून दाखवीन." बेचाळिसाव्या शंकेखालची जागा अजून कोरी आहे.

तेव्हा मित्रांनो, माझी पाने जपा, ओल्या बोटांनी ती उलटू नका. आणि दोस्त दारात आला असेल, तर आधी मला खाली ठेवा.