गॅलरीत ऐकलेले सामने

माझा नातू राजस नऊ वर्षं ऑस्ट्रेलियात व्यावसायिक रग्बी खेळला आणि त्यातला एकही सामना मी पाहिला नाही. सगळे ऐकले. तेही टोकियोच्या एदोगावा भागातल्या आमच्या घराच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांमागे उभं राहून. हे सांगण्यासारखं आहे की नाही, याची मला खात्री नाही. माझी मुलगी विद्या म्हणते, "लिहा बाबा, बोलणं तर तुम्हाला कधी जमलं नाही."

राजस लहान असताना विद्या आणि जावई इथे आले. जावयांचं ऑफिस टोकियोतच, तोयोसूला. पुण्याच्या कॉलेजातली ग्रंथपालाची नोकरी संपल्यावर पुस्तकांच्या दोन पेट्या घेऊन मीही आलो. आजूबाजूची आपली मुलं क्रिकेट खेळायची. राजस मात्र जपानी शाळेतल्या मित्रांच्या नादाने रग्बीकडे गेला. वर्गात सर्वांत बुटका तोच. शिक्षकांनी त्याला सगळ्यांच्या मागे, एकट्याला उभं केलं. त्या जागेला फुलबॅक म्हणतात. समोरच्यांनी आभाळात उंच मारलेला चेंडू खाली येताना पकडायचा, आणि पकडताच अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड माणसांमधून वाट काढत पळायचं. मला ती शिक्षाच वाटली होती. तो खूश होता.

उंच चेंडूचा सराव द्यायला घरी कोण होतं? मला तर चेंडूला धड लाथही मारता येत नाही. पण आमच्या इमारतीला बाहेरून लोखंडी जिना आहे. मी चौथ्या मजल्यावर उभा राहून चेंडू सोडायचो. तो खाली हात पसरून उभा. चेंडू सुटला की ओरडायचा, "मो इक्काई!" म्हणजे, आणखी एकदा. मी त्याच्याशी मराठीत बोलायचो, तो जपानीत उत्तर द्यायचा. मग चेंडू घेऊन चार मजले धावत वर यायचा, माझ्या हातात द्यायचा, आणि मी तो नीट धरेपर्यंत पुन्हा खाली पोचलेला असायचा. पुढे लोक त्याच्या वेगाचं कौतुक करू लागले तेव्हा मला वाटलं, हा वेग जिन्याचा असावा. पण मला त्यातलं काय कळतं!

एक दिवस जिन्यापाशी सूचना लागली: वरून वस्तू टाकू नयेत. शेजारी चित्र होतं, चष्मा घातलेल्या एका काटकुळ्या माणसाचं. "अगदी तुमच्यासारखा आहे," विद्या हसून म्हणाली. मी मात्र पुढे कितीतरी दिवस शेजाऱ्यांची नजर चुकवत कचरा टाकायला जात होतो. सराव तिथेच संपला.

माझी नजर त्याला लागते, हे त्यानंतर कळलं. म्हणजे, तसं मला वाटू लागलं. शाळेच्या पहिल्या मोठ्या सामन्याला गेलो, पुस्तकातून मान वर केली, आणि राजसच्या हातून चेंडू सुटला. दुसऱ्यांदा गेलो, तर त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. मग तो ऑस्ट्रेलियाला गेला, कारण जपानात सगळीकडे 'अंग भरू दे, मग बघू' असंच ऐकायला मिळत होतं. तिकडे रग्बी लीग नावाचा प्रकार खेळतात, एका बाजूला तेरा जण. तिथल्या एका क्लबने त्याला करार दिला. त्याचा पहिलाच सामना विद्या लॅपटॉपवर बघत होती. मी पाणी प्यायला खोलीत आलो, पडद्याकडे नजर गेली, आणि चेंडू सुटला.

"बाबा, तुम्ही बाहेरच थांबा बरं!" विद्या ओरडली.

ती ते लगेच विसरली. मी नाही विसरलो. क्रिकेटच्या सामन्यात कुणी जागा सोडली की विकेट जाते, असं मानणाऱ्या घरात मी वाढलो आहे. बुद्धीला पटत नाही, पण पाय ऐकत नाहीत. तेव्हापासून सामना सुरू झाला की मी पुस्तक घेऊन गॅलरीत.

पण काचेचं दार पातळ आहे आणि विद्याचा आवाज पुण्याचा आहे. मला सगळं कळायचं. "धर, धर, धर" म्हणजे चेंडू हवेत. "हुश्श" म्हणजे पकडला. "पळ रे बाळा" म्हणजे तो माणसांच्या मधून निसटला. टेबलावर थाप पडली की त्याने स्वतः गुण मिळवला. पहिली थाप पडली त्या दिवशी शेजारच्या गॅलरीतून ओकादासान या आजींनी घाबरून विचारलं, "भूकंप?" मी माझ्या मोडक्या जपानीत म्हणालो, "नाही, नातू." त्यानंतर सामन्याच्या वेळी त्याही दोन गॅलऱ्यांमधल्या आडोशापलीकडे स्टूल टाकून बसू लागल्या.

दुसऱ्या वर्षी एक नंबरची, म्हणजे फुलबॅकची, जर्सी त्याची कायमची झाली. तिकडचे खेळाडू त्याला 'चटणी' म्हणायचे. थोडीशीच असते, पण झोंबते. क्लब अंतिम सामन्यात पोचला, तेव्हा तर विद्याने इतक्या थापा मारल्या की टेबलाचा एक पाय डुगडुगायला लागला. तो आजही डुगडुगतो, आम्ही दुरुस्त केलेला नाही. मधे एक रविवार असा आला की आतून काहीच आवाज येईना. पुस्तकाचं तेच पान समोर धरून मी उभा होतो. त्या दिवशी राजसचा गुडघा गेला होता. पुढचं वर्षभर त्याचा विषय निघाला की लोक सहानुभूतीने मान हलवत. एवढ्या लहान चणीचा मुलगा परत येत नसतो, असं त्यांचं म्हणणं. तो आला. आणखी चार वर्षं खेळला.

या वर्षी मात्र गुडघा पुरे म्हणाला. नेमका त्याचाच क्लब जपानच्या संघाशी खेळायला टोकियोत येणार होता. जपानच्या संघाने राजसला विचारलं, आमच्याकडून खेळतोस का? शेवटचा सामना, आणि तोही आमच्या घरापासून सायकलवर जाता येईल अशा मैदानावर.

आदल्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "आजोबा, उद्या तुम्ही आत बसायचं."

"मी बाहेर बाकावर बसेन रे. ऐकू येतं मला."

"बाहेर? ग्राउंडच्या बाहेर?" त्याने आईकडे पाहिलं. "हे अजून चालूच आहे?"

"एवढी ताकद असती ना बाबांच्या नजरेत," विद्या म्हणाली, "तर गॅलरीतलं मिरचीचं रोप कधीच वाळून गेलं असतं. दिवसभर त्याच्याकडेच बघत असतात."

मला हसू आलं नाही. "तुझे जुने सोबतीच उद्या समोर आहेत. तुझं वर्म काय ते त्यांना माहीत आहे."

"आहेच. उंच चेंडू. सगळे माझ्यावरच मारणार." तो शांतपणे भात कालवत होता. "त्यातला एखादा सुटणारच, आजोबा. जिन्यावरून तुम्ही टाकायचात तेव्हा सुटायचे नाहीत?"

"सुटायचे की."

"आणि पकडलेले? ते कोण बघत होतं?"

चौथ्या मजल्यावरून खाली बघणारा तर मीच होतो. इतकी वर्षं मी ते हिशेबात धरलंच नव्हतं.

तरी मन घट्ट झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी पिशवीत पुस्तक घेऊनच गेलो. विद्या डावीकडे, ओकादासान उजवीकडे, मी मधे, म्हणजे मला उठून जायला वाव नाही. राजस मैदानात आला. एवढ्या लांबून, त्या दांडग्या माणसांमध्ये, तो अजूनही शाळकरीच दिसत होता.

या खेळात सहाव्यांदा पाडलं की चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो, म्हणून त्याआधीच तो उंच मारतात. त्यांनी मारला. चेंडू वर गेला, थांबल्यासारखा वाटला, आणि खाली आला. राजसच्या छातीवर आपटून तो पुढे उडाला.

सुटला.

प्रेक्षकांमधून एक लांब 'आ' उमटला आणि विरला. मी पिशवी उचलली. विद्याने माझी बाही धरली. खाली राजस हात कमरेवर ठेवून उभा होता. त्याने मान वर केली, आम्ही बसलो होतो त्या बाजूला. तो मला शोधत होता की नाही, मी सांगू शकत नाही. एवढंच कळलं की मी आता गेलो, तर त्याला माझी रिकामी खुर्ची दिसेल.

मी उभा होतोच. तसाच ओरडलो, "मो इक्काई!"

जन्मात मी इतक्या मोठ्याने बोललो नव्हतो. इथले प्रेक्षक शांत असतात. पुढच्या तीन रांगा वळून माझ्याकडे पाहू लागल्या. कान तापले माझे. पण ओकादासान उठल्या आणि त्याही म्हणाल्या, "मो इक्काई!" मग मागून कुणीतरी, मग एक लहान मुलगी.

थोड्याच वेळात चेंडू पुन्हा चढला, पहिल्यापेक्षाही उंच. तिघे जण राजसच्या रोखाने धावत होते. माझे डोळे मिटायला बघत होते, मी मिटू दिले नाहीत. तो दोन पावलं मागे सरला, हात पसरले, अगदी जिन्याखाली पसरायचा तसेच, आणि चेंडू त्याच्या कुशीत आला. पहिला माणूस येऊन आदळायच्या आत तो तिथून गेलेला होता. दुसऱ्याला डावीकडे जातोय असं भासवून उजवीकडे निघाला. तिसऱ्याच्या हाताखालून वाकून गेला. त्यानंतर समोर फक्त गवत होतं. माझा नातू मैदानावर पळतो कसा, हे मी तेव्हा प्रथमच नीट पाहिलं. पाय जमिनीला लागतात की नाही, तेच कळत नव्हतं. विद्या थाप मारायला टेबल शोधत होती. तिने माझ्या पाठीवर मारली.

सामना जपानचा संघ हरला. शेवटी राजस दोन्ही संघांच्या मधे आमच्या बाजूला तोंड करून उभा राहिला आणि कमरेत वाकला. त्याचे जुने सोबती, त्याच्याहून हातभर उंच, तेही वाकले. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी कुणाला काही सांगितलं नाही, पण ओकादासान आजूबाजूच्यांना माझ्याकडे बोट दाखवून 'हे त्याचे आजोबा' असं सांगत होत्या, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

मग तो कठड्यापाशी आला. गुडघ्यावर बर्फ बांधलेला, कपाळावर माती.

"मघाशी ओरडलं कोण?" त्याने विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"हळू हो, आजोबा," तो म्हणाला. "पुन्हा तुमचं चित्र लागेल."